जास्तीच्या बारा चिठ्ठ्या

१

मतदारयादीवर सह्या अठ्ठावन्न होत्या आणि डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या सत्तर.

मी तीनदा मोजल्या. सांगलीच्या शाळेत बारा वर्षं परीक्षा विभाग सांभाळलेली बाई आहे मी. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नुसता हातात घेतला तरी आकडा सांगायचे. पण तीनदा मोजूनही सत्तरच. जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, मोहियुद्दीनचाचांच्या अत्तराच्या दुकानामागच्या खोलीत, तीस-चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती आणि मला जानेवारीत घाम फुटला होता.

आधी हे मतदान कसलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वाळवंटात आमदारकीला उभी राहिली. आमच्या मुलांच्या भारतीय शाळेत पालकांची एक समिती असते आणि तिच्या एका जागेसाठी पालक मत देतात. इथं आम्हाला मिळणारं तेवढंच एक मत, त्यामुळे उत्साह विचारू नका. गेल्या खेपेला आमच्या मराठी पॅनलचे दोघं उभे राहिले, मतं फुटली आणि समोरचं पॅनल आयतं निवडून आलं. म्हणून यंदा ठरलं की आधी घरात मतदान करायचं, आणि जो जिंकेल त्यानंच शाळेत अर्ज भरायचा. अठ्ठावन्न घरं, घराला एक मत, आणि निवडणूक अधिकारी मी. माझा नवरा सदानंद म्हणाला, सत्यभामा, तुझ्या नावातच सत्य आहे, दुसरं कोण करणार? मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

उमेदवार दोन. उन्मेष पुण्याचा, एका मोठ्या मालवाहतूक कंपनीत अधिकारी, गोड बोलणारा. शरीफा बाणकोटची, तिचा नवरा मुस्तफा बलदमध्येच कापडाच्या दुकानात कामाला. तिची मेहेक बारा वर्षांची, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोरीची. शाळेत अशा नऊ मुलांसाठी एक वेगळा वर्ग चालतो आणि तो बंद करायचं समितीत घाटत होतं. मेहेकला घेईल अशी दुसरी शाळा शरीफाच्या आवाक्यात नव्हती. वर्ग गेला की तिनं पोरीला घेऊन बाणकोटला परतायचं आणि मुस्तफानं इथं एकटं राहायचं, एवढं ते सरळ होतं. म्हणून तर कधी चारचौघांत तोंड न उघडणारी ही बाई उभी राहिली होती.

महिनाभर पॅनलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कंपनीवाले आणि बलदवाले यांची अशी जुंपली की विचारू नका. कोणी कोणाचं शिक्षण काढलं, कोणी कोणाचं गाव काढलं. शेवटी मी सभा घेऊन दोघांना समोरासमोर बसवलं. उन्मेषनं व्यवस्थित मांडलं, की नऊ मुलांनी अडवलेल्या जागेत रोबोटिक्सची लॅब होईल आणि साडेचारशे मुलांना तिचा उपयोग होईल. शरीफा उठली, दुपट्टा सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "साडेचारशे मुलांना दुसरी खोली आहे. या नऊ जणांना दुसरी शाळा नाही." आणि खाली बसली.

तर त्या सत्तर चिठ्ठ्या. मतदाराला चिठ्ठी देताना मी प्रत्येकीच्या पाठीवर त्याच्या डोळ्यांदेखत हिरव्या पेनानं सही केली होती. सह्यांच्या अठ्ठावन्न वेगळ्या काढल्या, तर त्यांत शरीफाला एकतीस आणि उन्मेषला सत्तावीस. उरलेल्या बारांवर सही नव्हती. त्या बाराही शरीफाच्या नावावर होत्या.

२

खोलीत जो गलका उठला तो मी डबा वाजवून थांबवला. चौकशी मी करणार, निकाल मी देणार, तोवर कोणी एक शब्द बोलायचा नाही, असं ठणकावून सांगितलं. लोकांनी ऐकलं. माझं ऐकतात लोक, हेच तर वाईट झालं.

आता काय काय कसं होतं ते बघा. मतदान झालं शुक्रवारी, दुपारच्या असरच्या नमाजानंतर बाजार उघडतो तेव्हापासून मगरिबच्या अजानपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत. पंधरा किलोचा रिकामा तुपाचा डबा, झाकणाला फट पाडलेली, आणि छापलेल्या ऐंशी चिठ्ठ्या मी त्याच दुपारी घरून नेल्या. मतदान संपल्यावर झाकणाभोवती चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली. फटीवर लावायचं डोक्यातच आलं नाही, त्यामुळे कोणीही त्यातून चिठ्ठी आत सारू शकत होतं. डबा टेबलावर ठेवला. सगळे बाहेर पडल्यावर उरलेल्या बावीस चिठ्ठ्यांचं पाकीट मी कपाटाच्या खालच्या खणात, नमाजाच्या चटयांखाली सरकवलं. कोणाला सांगितलं नाही. खोलीला कुलूप लावलं, चावी चाचांकडे दिली आणि घरी आले.

शनिवारी मोजणीला पाकिटात दहाच चिठ्ठ्या उरल्या होत्या. म्हणजे त्या बारा त्याच पाकिटातून गेल्या, आणि शुक्रवारची मगरिब ते शनिवारची दुपार एवढ्या वेळात गेल्या. ते पाकीटही मला काढावं लागलं नाही. जमालुद्दीननं मोजणीच्या आधीच खणातून काढून माझ्या पुढ्यात ठेवलं, म्हणाले, "वहिनी, आधी उरलेल्या मोजा, मागून वाद नको."

हे जमालुद्दीन पॅनलचे चिटणीस. श्रीवर्धनकडचे, अठ्ठावन्न वर्षांचे, उन्मेषच्या कंपनीतल्या गोदामात कारकून. मराठी अक्षर असं, की कॅलेंडरवर छापावं. खुर्च्या लावायच्या, चहा सांगायचा, इतिवृत्त लिहायचं, सगळं न सांगता करणार. चौकशीलाही माझ्या शेजारी वही घेऊन तेच बसले.

३

पहिले मोहियुद्दीनचाचा. सत्तरीचे, चाळीस वर्षं बलदमध्ये. चावी गल्ल्यामागच्या खिळ्याला असते, म्हणाले. बाजारात आलेल्या ओळखीच्या बायका नमाजाला ती खोली मागतात, ते देतात, कोणाकोणाची नोंद ठेवणार? मी विचारलं, बाहेरचं कोणी आलं होतं का? नाही म्हणाले. शरीफा येते का? चाचा हसले.

"ती तर दर जुम्याच्या राती येते, ताई. पोरीला शेजारी बसवून कुराणातली सूरे कहफ वाचते. या खेपेलाही आलती."

जमालुद्दीनचं पेन वहीवर सुरळीत चालत होतं.

दुसरा उन्मेष. शुक्रवारी संध्याकाळपासून त्याच्या घरी पाहुणे होते, दहा माणसं साक्षीला. काकू, मला भांडण नको, तुम्ही नियमानं जे कराल ते मान्य, म्हणाला. नियमही मीच लिहिले होते. गैरप्रकार करणारा उमेदवार बाद, हा त्यातला चौथा.

मग शरीफा. मेहेक सोबत होती. ती कपाटाच्या काचेत बघून स्वतःलाच वेडावत होती. मी शरीफाला विचारलं की मतदानाच्या वेळी आली होती ते सोडून, गेल्या दोन-तीन दिवसांत ती या खोलीत एकटी कधी होती का. मला वाटलं होतं, नाही म्हणेल. तिनं सरळ सांगितलं.

"जुम्याच्या राती होते, बाई. मी आणि मेहेक. मगरिब पढले, सूरे कहफ वाचली आणि घरी गेलो."

जमालुद्दीननं लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "शुक्रवारच्या रात्री खोलीत मुलीसह एकट्या होत्या. बरोबर?"

"बरोबर," शरीफा म्हणाली.

चटई कुठून काढली? खालच्या खणातून. तिथं पाकीट नव्हतं? नव्हतं. आणि टेबलावर डबा होता तो? शरीफानं माझ्याकडे नवलानं बघितलं. म्हणाली की डबा काही तिला दिसला नाही, टेबल तर रिकामं होतं.

पंधरा किलोचा डबा, नाकासमोर, आणि हिला दिसला नाही. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं कॉपी करणारी पोरं पकडली, त्यांचंही असंच असायचं. गाइड मांडीवर आणि म्हणे मला माहीत नाही कोणाचं. मी वही तिच्यापुढे सरकवली. तिनं बोट ठेवून ओळ वाचली आणि सही केली. मी जमालुद्दीनना म्हटलं, "खलास. मिळालं आपल्याला जे हवं होतं ते."

४

घरी सदानंदनं एकच शंका काढली. तू प्रत्येकाच्या समोर चिठ्ठीच्या पाठीवर सही करत होतीस ना, मग सही लागते हे अठ्ठावन्न जणांना माहीत होतं. तरीही कोणी बिनसहीच्या बारा चिठ्ठ्या टाकतो, त्याही एकाच नावाच्या, म्हणजे तो काय पकडलं जायलाच टाकतो?

मी म्हटलं, घाईत सुचलं नसेल, आणि पोरीच्या काळजीनं माणसाची बुद्धी फिरते. तो म्हणाला, बरं. त्याचं ते 'बरं' मला कधीच सहन होत नाही. तुम्ही इंजिनिअर लोकांनी पूल बांधावेत, असं काहीतरी मी बोलले आणि विषय मिटवला.

रविवारी निकाल ग्रुपवर टाकला. शरीफाच्या सहीच्या पानाचा फोटो खाली जोडला, पुराव्यासाठी. पाच मिनिटांत जमालुद्दीननं तिला ग्रुपमधून काढलं, चौथ्या नियमाप्रमाणे. पन्नास-एक अंगठे आले. निष्पक्ष निवडणूक अधिकारी म्हणून कोणी माझं अभिनंदनही केलं.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. भिंगातून बघितलं तर शरीफा आणि मेहेक. निकालानंतर उमेदवाराला एकटीनं भेटायचं नाही हा माझा सांगलीपासूनचा शिरस्ता. गुण वाढवून मागायला आलेल्या पालकांना मी कधी उंबऱ्यात घेतलं नाही. मी दार उघडलं नाही. मेहेकला बेलचं बटण आवडलं असावं, ती पुन्हा पुन्हा दाबत होती. शेवटी शरीफानं तिचा हात हळूच बाजूला घेतला आणि दोघी जिना उतरून गेल्या.

बुधवारी शाळेत अर्ज भरायची मुदत संपली. आमच्या पॅनलतर्फे एकच अर्ज होता, उन्मेषचा.

५

आता माझी फजिती ऐका.

आम्ही जेद्दात सोळा वर्षं आहोत, त्यातली पंधरा कंपनीच्या कंपाउंडात गेली. तिथं शेजार सगळा आपल्या लोकांचा. अरबीत मला भाजीवाल्यापुरतं येतं. गेल्या वर्षी गावातल्या इमारतीत राहायला आलो. खालच्या मजल्यावर अरवा राहते, जेद्दाचीच, शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं त्या आठवड्यात आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. निरोप अर्धा इंग्रजीत, अर्धा अरबीत. दिवस सांगितला तो 'लैलत अल-जुमुआ'. लैला म्हणजे रात्र आणि जुमुआ म्हणजे शुक्रवार, एवढं मला येत होतं. शुक्रवारी संध्याकाळी नारळाच्या वड्यांचं ताट घेऊन, नवी साडी नेसून मी तिच्या दारात हजर. सदानंद मागे.

अरवानं दार उघडलं ती घरच्या गाऊनमध्ये, केसांना तेल लावलेलं. आधी गोंधळली, मग हसायला लागली आणि हसता हसता मला मिठीच मारली. काल वाट बघून बघून दमलो, म्हणाली. फोनही केले होते, पण माझा फोन नेहमीसारखा मुका. मी म्हटलं, काल तर गुरुवार होता, तू शुक्रवारची रात्र सांगितलीस. तेव्हा तिनं मला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं.

"आमचा दिवस मगरिबला सुरू होतो, सत्या. आधी रात्र येते, मग दिवस. शुक्रवारची रात्र म्हणजे गुरुवारची संध्याकाळ."

सदानंद हसला. मी पण हसले असते. पण मला एकदम शरीफाचं ते नवलानं बघणं आठवलं, आणि वड्यांचं ताट अरवाच्या हातात देऊन मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. सदानंदनं विचारलं काय झालं. मी त्याला म्हटलं की मी त्या बाईचं वाटोळं केलं.

६

शनिवारी दुकान उघडताच मी चाचांसमोर उभी राहिले आणि विचारलं, जुम्याची रात म्हणजे कधी?

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, की बाईला ऊन लागलंय की काय. म्हणाले, "जुमेरात. अहो, गुरुवारचं नावच आहे ते. जुम्याची रात, जुमेरात."

जुमेरात. हा शब्द मी हजारदा ऐकला होता. त्याच्या पोटात काय आहे ते कधी बघितलं नव्हतं.

म्हणजे शरीफा खोलीत होती ती गुरुवारी. गुरुवारी टेबलावर डबा नव्हता, कारण डबा माझ्या घरी होता. खणात पाकीट नव्हतं, कारण चिठ्ठ्याही माझ्याच घरी होत्या. तिनं मला एकेक गोष्ट खरी सांगितली होती आणि मी एकेक खोटी धरली होती. वहीतली ओळ तिनं वाचली तेव्हा 'शुक्रवारची रात्र' तिच्या हिशेबानं बरोबरच होती, म्हणून तर निवांत सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हातानं दिली होती.

मग चोर कोण? सदानंदची शंका आता मला नीट ऐकू आली. बिनसहीच्या चिठ्ठ्या पकडल्या जाव्यात म्हणूनच टाकल्या होत्या. शरीफा प्रामाणिकपणे जिंकत होती. तिला हरवणं शक्य नव्हतं, बदनाम करणं शक्य होतं. हे करणारा शुक्रवारी मगरिबनंतर खोलीत गेलेला असणार. आणि चटयांखालचं पाकीट कोणाला सांगितलं नसताना, शनिवारी सरळ खण उघडून ते काढलं कोणी?

मी चाचांना विचारलं, जमालुद्दीन आले होते का शुक्रवारी रात्री?

आलता की, म्हणाले. रात्रीची, इशाची नमाज झाल्यावर आलता. चष्मा आत राहिला म्हणून चावी घेतली, पाच-दहा मिनिटांत परत दिली.

माझा आवाज चढला. हे तेव्हाच का नाही सांगितलं?

"तुम्ही बाहेरचं कोणी आलतं का विचारलंत, ताई," चाचा म्हणाले. "जमाल बाहेरचा आहे का? तो तर तुमच्या शेजारी बसून लिहीत होता."

शरीफाला कशावरून बाद केलं ते त्यांना माहीतच नव्हतं. ते ग्रुपवर नाहीत. त्यांना वाटलं होतं, माझ्याकडे आणखी काही पुरावा असेल.

७

जमालुद्दीन गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर सापडले. मी समोर बसले आणि विचारलं, जमालभाई, जुम्याची रात म्हणजे कोणता वार?

त्यांनी कप खाली ठेवला. या माणसाला श्रीवर्धनमध्ये लहानपणापासून जे माहीत आहे ते त्या दिवशी माहीत नव्हतं, असं होणं शक्य नाही, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही.

"मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही, वहिनी. ती जे बोलली त्याचं मराठी केलं. खलास तुम्ही म्हणालात."

मी विचारलं, चिठ्ठ्या? त्यांनी नाही म्हटलं नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या कंपनीत पंचावन्नच्या वरच्यांची एक यादी निघतेय. यादीत नाव आलं की इकाम्याचं, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण नाही. धाकट्या मुलाची शेवटची दोन वर्षं राहिलीत शाळेची. यादी उन्मेषच्या टेबलावरून जाते. मी विचारलं, उन्मेषनं सांगितलं तुम्हाला हे करायला? नाही, म्हणाले. उन्मेषसाहेब एवढंच म्हणाले की जमालचाचा, या वेळी आपण निवडून यायला हवं. बाकी सगळं यांनी स्वतःच समजून घेतलं. शरीफाचं काय होईल याचा विचार आला होता का, हेही मी विचारलं. रोज येतो, म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्या माणसाचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मी म्हटलं, हे सगळ्यांसमोर बोला.

"बोलतो," ते म्हणाले. "माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पण शरीफाला काय मिळेल? अर्ज तर बंद झालेत."



तरी मी उन्मेषकडे गेले. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. खरंच वाईट वाटलं त्याला, मी चेहरे ओळखते. पण काकू, मी आता माघार घेतली तर समोरचं पॅनल बिनविरोध येईल आणि वर्ग तर ते पहिल्या दिवशी बंद करतील, म्हणाला. त्या जागेत लॅब मागणारा हाच. निवडणूक होऊ दे, मग आपण खुलासा काढू. जमालुद्दीनच्या यादीचं विचारलं तर म्हणाला, त्याचा याच्याशी काय संबंध? मी शाळेच्या कार्यालयात गेले. मुदतीनंतर अर्ज घेता येत नाही, आणि तुमचं घरातलं मतदान आम्हाला माहीत नाही. त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी ग्रुपवर मी स्वतः लिहिलं, की शरीफा निर्दोष आहे, चूक माझी आहे, तिला एकतीस मतं होती. जमालुद्दीनचं नाव मी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. कोणीतरी लिहिलं, काकू, ऐन निवडणुकीत पॅनलची बदनामी नको. अकरा मिनिटांत माझा मजकूर तिथून गेला आणि त्याच्या जागी उन्मेषच्या प्रचाराचं पोस्टर आलं.

उन्मेष निवडून आला. समितीच्या पहिल्याच बैठकीत वर्गाचा विषय निघाला. आपण विरोध केला, पण एकटा पडलो, असं त्यानं मला फोन करून सांगितलं. खरंही असेल. एप्रिलपासून वर्ग बंद. यादीत जमालुद्दीनचं नाव तरीही आलंच. आणि तो खुलासा काही निघाला नाही.

८

शरीफाकडे जायला मला त्यानंतरही चार दिवस लागले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तिनं दार लगेच उघडलं. खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि मेहेक एका बॅगेत बसून तिचं झाकण उघडझाप करत होती. दोघींच्या पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का झाला होता. मुस्तफा कामावर गेला होता. तो आता चार माणसांच्या खोलीत राहायला जाणार होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, जुम्याच्या रातीपासून ग्रुपवरून उडालेल्या मजकुरापर्यंत. शेवटी माफी मागितली.

"मुस्तफानं रविवारीच ओळखलं होतं, फोटो बघून," ती म्हणाली. "तेच सांगायला आलते तुमच्याकडं. बुधवारला दोन दिवस होते अजून."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं मला बसायला स्टूल दिलं, चहा ठेवला. मी म्हटलं, मी काय करू सांग, काहीही सांग. ती आतून एक कागद घेऊन आली. बाणकोटच्या शाळेचा प्रवेशअर्ज होता. तिचं शिक्षण उर्दू शाळेतलं. मराठी वाचते, पण लिहिताना चुका होतात. तुम्ही लिहून द्याल का, एवढंच तिनं विचारलं.

मी पेन काढलं. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. त्या शाळेत मेहेकसारख्या मुलांसाठी काही आहे का, मी विचारलं. चौथीपर्यंतचे दोन मास्तर आहेत, ती म्हणाली, बसू देतील मागे. पुढचा रकाना होता, आधीची शाळा सोडण्याचे कारण. माझं पेन तिथं थांबलं. मी म्हटलं, इथं मी खरं लिहिते, शरीफा. माझ्या चुकीमुळे, असं लिहिते.

"नको बाई. काही भानगड दिसली तर घेणार नाहीत तिला. पालकांच्या विनंतीवरून, असं लिहा. सगळे तसंच लिहितात."

मी लिहिलं. पालकांच्या विनंतीवरून. मेहेक बॅगेतून उठून आली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून अक्षरं बघू लागली. शरीफानं अर्जाचा शेवटचा रिकामा रकाना दाखवला. विद्यार्थ्याविषयी अभिप्राय, असं तिथं छापलं होतं.

"इथं लिहाल का, मुलगी हुशार आहे म्हणून?" ती म्हणाली. "खाली तुमची सही करा. तुम्ही लिहिलेलं लोक खरं धरतात."

मी लिहिलं, मुलगी हुशार आहे. आणि खाली माझं पूर्ण नाव घालून सही केली.